परदेशी डिस्क चालणारा प्लेअर घेताना: आधी डिस्कचा डबा उलटा करून बघा

परभणीहून एका निवृत्त गुरुजींनी विचारलं आहे. मुलगी मेलबर्नला असते, पुतण्या न्यू जर्सीला. दोघांनी येता-जाता आणलेल्या तीसेक डिस्क घरात आहेत. बहुतेक डीव्हीडी, सात-आठ ब्लू-रे. घरातला जुना डीव्हीडी प्लेअर त्यातल्या बऱ्याच डिस्क लावूच देत नाही, आणि ज्या लागतात त्यातल्या काहींचं चित्र काळं-पांढरं येतं किंवा वर सरकत राहतं. प्लेअर अजून जुन्या डबा टीव्हीला जोडलेला आहे. दिवाणखान्यात नवा एचडीएमआयवाला टीव्ही आलाय. एक दुकानदार म्हणतो, ‘मल्टी-रीजन ब्लू-रे घेऊन टाका, सगळं चालतं.’ पुतण्या म्हणतो, ‘काका, इथून स्वस्तात आणतो.’ शिवाय लग्नाच्या आणि कीर्तनाच्या जुन्या व्हीसीडी आहेत, त्याही लागायला हव्यात. तर घ्यावं काय?

गुरुजी, नमस्कार. नांदेडला वजिराबाद भागात माझं दुरुस्तीचं दुकान आहे, पंचवीस वर्षं झाली. मराठवाड्यात बसून परदेशी डिस्क एवढ्या कुठं बघायला मिळाल्या, असं कुणालाही वाटेल. त्याचं कारण आमचा गुरुद्वारा. सचखंड श्री हजूर साहिबच्या दर्शनाला कॅनडा, इंग्लंडहून संगत येते, आणि २००८ साली गुरुता-गद्दीची, म्हणजे गुरू ग्रंथ साहिबांना गुरुपद मिळाल्याची, त्रिशताब्दी झाली तेव्हा तर विचारूच नका. पाहुणे इथल्या नातेवाइकांना तिकडच्या शबद-कीर्तनाच्या डीव्हीडी देऊन जायचे आणि आठ दिवसांनी ती डिस्क माझ्या काउंटरवर यायची: ‘भाऊ, प्लेअर बिघडला.’ मी प्लेअर उघडून लेन्स पुसायचो, परत डिस्क लावायचो, चित्र तसंच काळं-पांढरं. तीन-चार प्लेअर विनाकारण उघडल्यावर लक्षात आलं की प्लेअर ठणठणीत आहे. डिस्क कॅनडाची, एनटीएससी पद्धतीची. टीव्ही आपला जुना, फक्त पाल पद्धत ओळखणारा. पाल आणि एनटीएससी या टीव्हीवर चित्र दाखवायच्या दोन वेगळ्या पद्धती. रीजनचा, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालावी या बंधनाचा, तिथं काही संबंधच नव्हता, त्या डिस्कवर कुठलंच रीजनबंधन नव्हतं.

तेव्हापासून मी प्रत्येकाला पहिली गोष्ट हीच सांगतो, तुम्हालाही सांगतो. परदेशी डिस्क लागत नाही या एकाच तक्रारीत दोन-तीन वेगळ्या भानगडी एकत्र झालेल्या असतात. त्या वेगळ्या केल्याशिवाय पैसे काढू नका. कारण एकीवर नवा प्लेअर हा उपाय आहे, दुसरीवर निव्वळ एक सेटिंग, आणि तिसरीवर जुनाच प्लेअर नव्या टीव्हीला जोडणं.

वेगळ्या कशा करायच्या? पडद्यावर काय येतं ते बघा. डिस्क आत गेली, फिरली आणि रीजन चुकीचा असल्याची सूचना आली, म्हणजे कुलूप रीजनचं. चित्र आलं, आवाजही आला, पण रंग गेले किंवा चित्र खालून वर पळतंय, तर ते पाल-एनटीएससीचं. आणि डिस्क नुसती घुर्र-घुर्र फिरून ‘नो डिस्क’ आलं, तर एक तर लेन्स थकली आहे किंवा तुम्ही डीव्हीडी प्लेअरमध्ये ब्लू-रे घातली आहे. ब्लू-रे वाचायला ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा लेझर लागतो आणि डीव्हीडी प्लेअरमध्ये असतो ६५० नॅनोमीटरचा लाल. कितीही सेटिंग करा, तो ती डिस्क वाचू शकत नाही. तुमच्या सात-आठ ब्लू-रे जुन्या प्लेअरवर न लागण्याचं कारण एवढंच आहे.

आता रीजनचं. डीव्हीडी बाजारात आली तेव्हा चित्रपट एका देशात आज, दुसऱ्यात चार-सहा महिन्यांनी लागायचे. अमेरिकेत डिस्क विकायला आली तरी तोच चित्रपट दुसरीकडे अजून थिएटरातही लागलेला नसायचा, आणि प्रत्येक देशात डिस्कची किंमतही वेगळी. म्हणून कंपन्यांनी जगाचे सहा भाग पाडले. अमेरिका आणि कॅनडा १. युरोप, जपान, मध्यपूर्व, दक्षिण आफ्रिका २. आग्नेय आशिया, हाँगकाँग, तैवान, दक्षिण कोरिया ३. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि लॅटिन अमेरिका ४. भारत, रशिया आणि आफ्रिकेचा बराचसा भाग ५. चीन ६. सात नंबर राखीव ठेवला आणि आठ विमानं-जहाजांसाठी.

म्हणजे तुमच्या मुलीच्या डीव्हीडी ४ च्या, पुतण्याच्या १ च्या, आणि इथं विकत घेतलेला प्लेअर ५ चा. डब्याच्या मागच्या बाजूला बारकोडच्या आसपास छोटा पृथ्वीचा गोल छापलेला असतो आणि त्यात आकडा असतो. प्लेअरच्या पाठीवरही तसाच गोल असतो. चष्मा लावून ते दोन्ही आकडे बघितले की निम्मं काम झालं.

हे कुलूप असतं कसं, ते थोडं सांगतो, कारण ते कळलं की दुकानदाराच्या बोलण्यातलं खरं किती ते ओळखता येतं. डीव्हीडीवर व्हिडिओ-टीएस नावाचा फोल्डर असतो. त्यातल्या पहिल्या माहितीच्या फाइलमध्ये एका बाइटच्या आठ खुणा असतात, आठ भागांसाठी एकेक. ज्या भागाची खूण लावलेली, तिथं डिस्क बंद. मोकळी सोडलेली, तिथं चालू. सगळ्या खुणा मोकळ्या असल्या की डिस्क कुठंही चालते, तिलाच लोक ‘रीजन शून्य’ किंवा ‘ऑल’ म्हणतात. प्लेअर आपला नंबर त्या खुणांशी ताडून बघतो आणि आत घेतो किंवा हाकलतो. चित्रपट तोच, डिस्क तीच, फक्त दारावरचा पहारेकरी वेगळा. म्हणून डीव्हीडीच्या बाबतीत हे कुलूप उघडणं सोपं आहे. बहुतेक साध्या प्लेअरमध्ये कारखान्यानेच एक लपलेला मेनू ठेवलेला असतो, कारण एकच मशीन पाच देशांत विकायचं असतं.

तो मेनू उघडायची पद्धत साधारण अशी: ट्रे रिकामा बाहेर काढायचा किंवा सेटअपमध्ये जायचं, रिमोटवर ठरावीक आकडे एकामागून एक दाबायचे, आणि पडद्यावर रीजनचा आकडा दिसला की तो बदलायचा. आकडे मॉडेलप्रमाणे वेगळे. तुमच्या प्लेअरच्या पाठीवरचा पूर्ण मॉडेल नंबर, शेवटच्या तिरक्या रेघेनंतरच्या अक्षरांसकट, टिपून घ्या आणि त्याच नंबरासाठी दिलेला क्रम वापरा. ‘साधारण तसलंच मॉडेल आहे’ म्हणून दुसऱ्याचा क्रम दाबत बसू नका. आणि फर्मवेअर नावाची (प्लेअर चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरची) फाइल उतरवून सीडीवर टाकून प्लेअरला पाजण्याचा उद्योग तर अजिबात नको. चुकीची फाइल गेली की प्लेअर चालूच होत नाही. असे प्लेअर माझ्याकडे येतात आणि मला ते तसेच परत द्यावे लागतात, याचं फार वाईट वाटतं.

मेनूमध्ये ‘शून्य’ ठेवायचं की नेमका आकडा? इथं एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. २००० सालाच्या सुमारास अमेरिकी कंपन्यांनी १ नंबरच्या काही डिस्कवर जास्तीची तपासणी बसवली. ती डिस्क प्लेअरला उलट विचारते, ‘तू खरोखर १ आहेस का?’ शून्यावर ठेवलेला प्लेअर तिथं पकडला जातो आणि पडद्यावर जगाचा नकाशा येऊन थांबतो. प्लेअर नेमका १ वर ठेवला की तीच डिस्क मुकाट्याने चालते. तेव्हा रोजच्यासाठी शून्य, नकाशा दिसला तर १. मूळचा आकडा आणि दाबायचा क्रम एका चिठ्ठीवर लिहून प्लेअरच्या पोटाला चिकटवून ठेवा. रिमोट हरवू देऊ नका, रिमोट गेला की तो मेनूही गेला.

पाल-एनटीएससीचा मामला वेगळा. आपल्याकडे आणि ऑस्ट्रेलियात पाल: ५७६ रेघा, सेकंदाला २५ चित्रं. अमेरिका, कॅनडा, जपानात एनटीएससी: ४८० रेघा, सेकंदाला ३० च्या आसपास. मुलीच्या डिस्क तुमच्या डबा टीव्हीवर रंगीत दिसतील, पुतण्याच्या काळ्या-पांढऱ्या किंवा पळत्या. नवा सपाट टीव्ही दोन्ही पद्धती घेतो, म्हणून तुमची निम्मी तक्रार प्लेअर दिवाणखान्यात नेला की मिटावी. नव्या टीव्हीला पिवळी-लाल-पांढरी पिन लावायला जागा नसेल, तर एव्ही-टू-एचडीएमआय कन्व्हर्टरची छोटी डबी मिळते, ती टीव्हीच्याच यूएसबीवर चालते. मात्र घेताना डबीवरचे बाण बघून घ्या. उलट दिशेची डबीही दिसायला अगदी तशीच असते. प्लेअरच्या सेटअपमध्ये टीव्ही टाइप ‘ऑटो’ किंवा ‘मल्टी’ करा. ‘पाल’वर अडकवून ठेवला तर प्लेअर एनटीएससीचं पाल करायला बघतो आणि माणसं चालताना झटके देतात.

एवढं करून डीव्हीडींचा प्रश्न सुटला नाही, म्हणजे त्या प्लेअरमध्ये मेनूच नसेल, तर नवा साधा डीव्हीडी प्लेअर घ्या. एचडीएमआय असलेला, मागे एव्हीची पिनही असलेला, आणि पाठीवर ‘१०० ते २४० व्होल्ट’ लिहिलेला. भारी नावाच्या मागे लागू नका. या कामात साधं मशीन जास्त सोयीचं पडतं. महागड्या प्लेअरमध्ये रीजन बहुधा घट्ट बांधलेला असतो.

आता ब्लू-रे. इथं दुकानदाराच्या ‘सगळं चालतं’ला तुम्ही अडवायचं आहे. ब्लू-रेचे भाग वेगळे आहेत आणि ते आकड्यांत नाहीत, अक्षरांत आहेत. ए म्हणजे अमेरिका खंड, जपान, कोरिया, आग्नेय आशिया. बी म्हणजे युरोप, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया. सी म्हणजे भारत, चीन, रशिया. एकाच प्लेअरमध्ये डीव्हीडीचं कुलूप वेगळं आणि ब्लू-रेचं वेगळं. बाजारात ‘मल्टी-रीजन’ म्हणून विकले जाणारे बरेच ब्लू-रे प्लेअर फक्त डीव्हीडीपुरते मोकळे असतात. ब्लू-रेला ते सी-चे सीच राहतात. दुकानदार खोटं बोलतो असं नाही, त्यालाही ते माहीत नसतं. त्याच्याकडून बिलावर लिहून घ्या: ‘डीव्हीडी १ ते ६, ब्लू-रे ए, बी, सी.’ तो लिहायला तयार नसेल तर तुम्हाला उत्तर मिळालं.

पण त्याच्याही आधी तुमच्या त्या सात-आठ ब्लू-रे उलट्या करून बघा. ब्लू-रेत एक दिलासा आहे: कितीतरी डिस्कवर रीजनबंधन घातलेलंच नसतं. डब्यावर ए, बी, सी ही तिन्ही अक्षरं दिसली तर ती इथल्या कुठल्याही ब्लू-रे प्लेअरवर लागेल. काही वेळा डब्यावर एकच अक्षर छापलेलं असतं आणि आतली डिस्क मोकळी निघते, म्हणून नुसत्या छापावर न जाता एखाद्या ओळखीच्याच्या प्लेअरवर लावून बघा. आणि काळ्या डब्यातली फोर-के अल्ट्रा एचडी असेल तर तिला रीजनच नाही. मात्र ती फोर-के प्लेअरवरच लागते, साध्या ब्लू-रे प्लेअरवर नाही. उलट फोर-के प्लेअर घेतला म्हणून साध्या ब्लू-रेचं आणि डीव्हीडीचं कुलूप सुटत नाही, ते त्यातही असतंच.

आठांपैकी दोन-तीनच डिस्क खरोखर बंद निघाल्या, तर त्यांच्यासाठी पूर्ण मोकळा केलेला ब्लू-रे प्लेअर घेणं मला पटत नाही. असे प्लेअर कुणीतरी उघडून, आत जास्तीची चिप बसवून किंवा फर्मवेअर बदलून विकलेले असतात. किंमत बरीच जास्त, कंपनीची वॉरंटी गेलेली. शिवाय एक कायमची ओढाताण: नव्या डिस्कच्या सुरक्षा-किल्ल्या ओळखायला प्लेअरला मधूनमधून फर्मवेअर अपडेट लागतं, आणि तेच अपडेट तुमचं उघडलेलं कुलूप पुन्हा लावू शकतं. तरी घ्यायचाच ठरला तर चिप बसवलेला घ्या, विकणाऱ्याला अपडेटबद्दल स्पष्ट विचारा आणि इंटरनेटला जोडून आपोआप अपडेट होऊ देऊ नका. ओप्पोचे जुने प्लेअर या कामासाठी लोक अजून शोधतात. त्या कंपनीने २०१८ सालीच प्लेअर बनवणं थांबवलं, तेव्हा सेकंडहँड घेताना त्याचे भाग मिळणार नाहीत हे धरूनच पैसे ठरवा.

पुतण्याला मात्र आजच फोन करा आणि तिथून प्लेअर आणू नको म्हणून सांगा. हे मी अगदी कळकळीने सांगतोय. काही वर्षांपूर्वी हिंगोलीकडचं एक कुटुंब असाच तिकडून आलेला प्लेअर घेऊन आलं होतं. घरात आल्या आल्या पिन बदलायचा अडॅप्टर लावला आणि बटण दाबलं. टप्प असा आवाज झाला, जळका वास सुटला, घरातल्या लेकरांनी रडायला सुरुवात केली. मी उघडून बघितलं: पॉवर सप्लायमधला मोठा कपॅसिटर वरून फुगून फाटलेला, पांढरा कागदी भुसा आतल्या बोर्डावर पसरलेला, शेजारचा फ्यूज काळा. कपॅसिटरवर लिहिलं होतं २०० व्होल्ट. तिकडची वीज १२० व्होल्टची, सरळ केल्यावर तिचं टोक १७० पर्यंत जातं, तिथं २०० चा कपॅसिटर निभावतो. आपली २३० ची वीज सरळ केली की ३२५ पर्यंत जाते. तो बिचारा किती वेळ टिकणार? पिनचा अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही, तो फक्त आकार बदलतो. हे घराघरांत सांगायला हवं. पाठीवर ‘१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ’ एवढंच असेल तर २३० चे ११० करणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. प्लेअर वीस-तीस वॅटच घेतो, म्हणजे १०० व्हीएचा पुरेल, पण ती एक जास्तीची जड पेटी घरात आली.

आणि तो प्लेअर नीट चालला तरी तुमचं काम होत नाही. तो १ आणि ए चा असणार. पुतण्याच्या डिस्क लागतील, मुलीच्या नाही. ऑस्ट्रेलियातल्या काही ब्लू-रेवर ५० हर्ट्झचं चित्रण असतं, अमेरिकेत विकलेले बरेच प्लेअर ते दाखवतच नाहीत. आपल्या व्हीसीडी तर तिकडच्या प्लेअरने वाचल्याच पाहिजेत असं अजिबात नाही; तिकडं व्हीसीडी कधी रुजलीच नाही.

दुकानात जाताना पिशवीत चार डिस्क घेऊन जा: पुतण्याची एक डीव्हीडी, मुलीची एक, एक बंद असलेली ब्लू-रे आणि कीर्तनाची एक व्हीसीडी. दुकानदार स्वतःची डिस्क लावून दाखवेल, ती बघू नका. डीव्हीडी लावल्यावर कंपनीचं बोधचिन्ह दिसलं म्हणून समाधान मानू नका, पिक्चर सुरू होऊ द्या. काही डिस्क सुरुवातीची चित्रं दाखवून मगच अडवतात. मग चित्रपटाच्या बरोबर मध्यावर जा. साडेआठ जीबीच्या डीव्हीडीत दोन थर असतात, लेझर पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना किंचित थांबतो. थकलेली लेन्स असली की तिथंच अडकते, आणि सेकंडहँड प्लेअरमध्ये हा दोष घरी गेल्यावरच कळतो. व्हीसीडी लागते पण डीव्हीडी लागत नाही, किंवा उलट, असंही होतं; सीडीचा आणि डीव्हीडीचा लेझर वेगळा, एक जातो तेव्हा दुसरा शाबूत असू शकतो.

लॅपटॉपचा पर्याय काहीजण सुचवतील. बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह चांगला पडतो, पण २००० सालानंतरच्या ड्राइव्हमध्ये रीजन फक्त पाच वेळा बदलता येतो. पाचव्या वेळी जो नंबर असेल तो कायमचा. नातवंडांनी गंमत म्हणून बदलत राहिलं की संपलं. व्हीएलसी हे मोफत सॉफ्टवेअर बऱ्याच ड्राइव्हवर तो नंबर न विचारता डीव्हीडी लावतं, सगळ्यांवर नाही. तो ड्राइव्ह टीव्हीच्या यूएसबीला लावून मात्र चित्रपट दिसणार नाही. टीव्ही पेनड्राइव्ह ओळखतो, डिस्कचा ड्राइव्ह नाही.

तुमच्या घरासाठी मी असं करीन. जुना प्लेअर नव्या टीव्हीला जोडून, लपलेल्या मेनूत शिरून बघीन. जमलं तर डीव्हीडींसाठी खर्च शून्य. नाही जमलं तर साधा एचडीएमआय डीव्हीडी प्लेअर, ज्यात व्हीसीडीही लागते हे दुकानातच बघून. ब्लू-रेपैकी मोकळ्या किती ते मोजून मगच इथला साधा ब्लू-रे प्लेअर घ्यायचा की नाही ते ठरवीन, आणि घेतला तरी डीव्हीडी प्लेअर काढून टाकणार नाही, कारण बऱ्याच ब्लू-रे प्लेअरना व्हीसीडी वाचता येत नाही. पुतण्याला म्हणावं, बंद असलेल्या त्या दोन-तीन ब्लू-रेच्या जागी तेच चित्रपट डीव्हीडीवर पाठव. एक नंबरची डीव्हीडी आपण उघडू शकतो, ए-ची ब्लू-रे नाही.

व्हीसीडींना रीजन नाही, त्यांची ती चिंता नको. चिंता दुसरी आहे. कीर्तनाच्या व्हीसीडी विकत घेतलेल्या असतील तर त्या कारखान्यात छापलेल्या, बऱ्याच टिकतात. लग्नाच्या व्हीसीडी फोटो स्टुडिओवाल्याने कॉम्प्युटरवर लिहून दिलेल्या असतात. त्यातला रंगाचा थर आपल्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या खोलीतल्या कपाटात, वर्षागणिक फिका पडतो. प्लेअरची खरेदी महिनाभर पुढं गेली तरी चालेल, हे काम आधी करा: व्हीसीडी कॉम्प्युटरमध्ये घाला, एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर उघडा, त्यातली डॅट फाइल हार्ड डिस्कवर उतरवा. ती व्हीएलसीमध्ये सरळ लागते. व्हीसीडीत चुका दुरुस्त करणारी जास्तीची माहिती डेटा सीडीपेक्षा कमी असते, म्हणून चरा असेल तिथं कॉपी अडकेल. तेव्हा डिस्क मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही, आणि वेगळ्या ड्राइव्हमध्ये पुन्हा लावून बघा. एका ड्राइव्हने नाकारलेली डिस्क दुसरा वाचतो, हे मी कितीदा तरी पाहिलंय. परभणीत कुणाकडे चांगला ड्राइव्ह नसेल तर नांदेडला याल तेव्हा त्या व्हीसीडी कागदाच्या पाकिटात, उभ्या ठेवून घेऊन या.